गाडी चालते आहे, मग पार्किंग लाईट कशाला?

मृग लागला की कोकणात शाळा भरतात, भाताच्या पेरण्या होतात आणि मिरकरवाड्याच्या होड्या किनाऱ्याला लागतात. आपले प्रवास मात्र पाऊस बघून थांबत नाहीत. आखातातून सुट्टीवर येणाऱ्याला मुंबईच्या विमानतळावरून आणायचे असते. कोणाच्या अम्मीचे ऑपरेशन कोल्हापूर किंवा मिरजेला ठरलेले असते. मुलामुलींचे ॲडमिशन पुण्यात असते. नात्यातला निकाह एखादे वेळी पुढे ढकलता येईल, पण मय्यतीला तर लगेचच निघावे लागते. आज प्रत्येक मोहल्ल्यात चारचाकी गाड्या आहेत आणि त्या चालवणारा बहुधा घरातलाच कोणी असतो. मुलगा, जावई, मामू, आणि आता बऱ्याच घरांत मुली आणि सुनासुद्धा.

या प्रवासांत गेल्या काही वर्षांत एक सवय फार पसरलेली दिसते. पाऊस जोरात आला, घाटात धुके उतरले किंवा बोगदा लागला की समोरच्या पट्टीवरचे लाल त्रिकोणाचे बटण दाबायचे. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकू लागतात आणि गाडी तशीच पुढे जात राहते. मागच्याला आपण दिसावे, कोणी येऊन धडकू नये, एवढाच त्यामागचा विचार असतो. विचार चांगला आहे. पण या दिव्याने मागच्याला जी खबर जाते ती चुकीची असते, आणि घाटात चुकीची खबर जीवावर बेतू शकते. म्हणून हा विषय आम्ही यावेळी घेतला आहे. गाडी चालवणाऱ्यांनी तो वाचावाच, पण शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बहिणींनीही वाचावा.

नावातच अर्थ आहे

या दिव्याचे कंपनीने दिलेले नाव हॅझार्ड लाईट, म्हणजे धोक्याचा इशारा देणारा दिवा. आपल्याकडचे ड्रायव्हर त्याला ‘पार्किंग’ म्हणतात. ‘पार्किंग टाक’ म्हटले की कोणालाही कळते. हे नाव पुस्तकातले नसले तरी ते अगदी योग्य आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चारही इंडिकेटर एकत्र लुकलुकण्याची सोय सांगितली आहे ती गाडी जागेवर अडून पडली असताना रस्त्यावरच्या इतरांना सावध करण्यासाठी. म्हणजे नियमाचा आणि लोकांच्या बोलण्याचा अर्थ एकच आहे. गाडी उभी आहे, सांभाळून जा.

गाडीचा प्रत्येक दिवा मागच्या-पुढच्या माणसाशी काहीतरी बोलत असतो. मागचा साधा लाल दिवा म्हणतो, इथे एक गाडी आहे. तोच लाल एकदम तेज झाला की समजावे, हा ब्रेक मारतो आहे. एका बाजूचा पिवळा दिवा लुकलुकला की हा त्या बाजूला वळणार आहे. आणि दोन्ही बाजूचे पिवळे दिवे एकत्र लुकलुकले तर हा उभा आहे, वाट अडली आहे. ही भाषा जगभर एकच आहे, म्हणून रत्नागिरीचा माणूस मस्कतला गेला तरी त्याला गाडी चालवता येते. त्या भाषेत आपण चालता चालता ‘मी उभा आहे’ म्हणालो तर ऐकणाऱ्याने काय समजायचे?

आंबा घाटात काय होते

उदाहरण आपल्या रोजच्या रस्त्याचेच घेऊ. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढावा लागतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि घाटमाथ्यावर त्याहूनही अधिक. जुलै-ऑगस्टमध्ये कित्येकदा दिवसाढवळ्यासुद्धा इथे ढग रस्त्यावर उतरलेले असतात आणि पुढच्या वळणाचा कठडादेखील दिसत नाही. २०२१ च्या जुलैमधील अतिवृष्टीत या घाटाचा रस्ता खचला आणि अवजड वाहतूक बंद ठेवावी लागली होती, हे अनेकांना आठवत असेल. अशा रस्त्यावर चालत्या गाडीने चारही इंडिकेटर लावले तर काय काय घडू शकते ते पाहा.

पहिली गोष्ट, गाडीचा इंडिकेटर हातचा जातो. बहुतेक गाड्यांत हॅझार्ड चालू असताना उजवा-डावा इंडिकेटर वेगळा दिसत नाही. तुम्ही बंद पडलेल्या टेम्पोला वळसा घालण्यासाठी उजवीकडे निघालात, तरी मागच्याला ते कळत नाही. तुम्हाला वाटते आपण कांडी ओढली, इशारा दिला. मागच्याला आधीसारखेच दोन्ही बाजूचे पिवळे दिवे लुकलुकताना दिसत राहतात.

दुसरी गोष्ट, गाडी उभी आहे की चालते आहे, हे मागच्याला समजत नाही. धुक्यात त्याला रस्ता दिसत नसतो, झाडे दिसत नसतात, फक्त लुकलुकणारे दिवे दिसतात. गाडी उभी आहे असे समजून तो तिला ओलांडायला उजवीकडे काढतो, आणि समोरच्या वळणावरून एसटी खाली उतरत असते. तुम्ही तर चालत आहात, त्यामुळे ओलांडायला त्याला वाटले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

तिसरी गोष्ट याच्या उलटी आहे, आणि आमच्या मते सर्वांत गंभीर आहे. सगळेच जण चालता चालता हा दिवा लावू लागले की लोक त्याचा अर्थ ‘चालती गाडी’ असाच घेऊ लागतात. मग एखाद्या रात्री ॲक्सल तुटून ट्रक खरोखरच वळणावर उभा असतो, त्याचा ड्रायव्हर पार्किंग लावून खाली उतरलेला असतो, आणि मागून येणारा म्हणतो, पुढे एक गाडी हळूहळू चालली आहे. तो वेग कमी करत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना शिकवतो. तिच्यातल्या मुलाने निदान गंमत म्हणून हाका मारल्या होत्या. इथे आपण सगळे मिळून चांगल्या हेतूने तेच करत आहोत, आणि नुकसान मात्र ज्याच्यावर खरी मुसीबत आली आहे त्याचे होते.

चौथी गोष्ट, दोन्ही बाजूचे दिवे प्रत्येकाला दिसतातच असे नाही. मध्ये दुसरी गाडी असेल, वळण असेल किंवा कोणी बाजूच्या रस्त्यावरून येत असेल, तर त्याला एकाच बाजूचा दिवा लुकलुकताना दिसतो. तो समजतो ही गाडी डावीकडे वळते आहे, आणि आपली मोटारसायकल पुढे घालतो. तुम्ही तर सरळ जात असता.

पाचवी गोष्ट अंतराची. लुकलुकणारा दिवा दुरून लवकर लक्ष वेधतो, हे खरे आहे. पण तो किती लांब आहे आणि जवळ येतो आहे का, हे ओळखायला डोळ्याला स्थिर दिवा हवा असतो. इंडिकेटर मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा लुकलुकतो, म्हणजे तेवढ्याच वेळा तो विझतोही. आमच्या नववीच्या वर्गात हे दाखवण्यासाठी आम्ही एक साधा प्रयोग करतो आणि तो घरीही करता येतो. रात्री अंगणातले दिवे बंद करा. एका मुलाच्या हातात स्थिर टॉर्च द्या, दुसऱ्याच्या हातात लुकलुकणारी. दोघांना हळूहळू तुमच्याकडे यायला सांगा, मध्येच थांबायला सांगा, आणि बघणाऱ्यांनी कोण चालतो आहे आणि कोण थांबला आहे ते ओळखायचे. स्थिर टॉर्चवाल्याचे उत्तर मुले पटकन देतात. लुकलुकणाऱ्याच्या वेळी वाद सुरू होतो. तो वाद संपेपर्यंतचा एक-दोन सेकंदांचा वेळ घाटात कोणालाच मिळत नाही.

‘पण ट्रकवाले तर लावतात’

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. वर्षानुवर्षे घाट चढणारे ड्रायव्हर लावतात, ते काय चुकीचे? यात थोडे तथ्य आहे, ते नाकारू नये. भरलेला ट्रक चढणीला माणसाच्या चालीने चालतो, आणि त्याच्या मागून येणाऱ्या गाड्या त्याच्या तिप्पट-चौपट वेगात असतात. अशा वेळी तो ट्रक जवळजवळ उभ्या अडथळ्यासारखाच असतो, आणि त्याने इशारा दिला तर तो खोटा म्हणता येणार नाही. दोरी बांधून ओढत नेलेली गाडीही तशीच. शिवाय समोर अचानक दरड आली, झाड पडले, वाहने थांबली, तर मागच्याला सावध करण्यासाठी काही क्षण हा दिवा लावणे योग्यच आहे. मागचा थांबला की तो बंद करावा. पण आपली कार इतरांच्याच वेगाने चालली आहे आणि फक्त पाऊस पडतो आहे, यात ट्रकवाल्याचे कारण लागू होत नाही.

जगात याबाबत काय रीत आहे, तेही बघण्यासारखे आहे. ब्रिटनच्या हायवे कोडप्रमाणे चालत्या गाडीने हॅझार्ड लावायचे नाहीत. अपवाद एकच. मोटरवेसारख्या वेगवान रस्त्यावर पुढे अडथळा दिसला तर मागच्यांना कळण्यापुरते थोडा वेळ लावता येतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात २०२१ च्या जुलैपासून थोडी सूट दिली आहे, पण तीसुद्धा ताशी ५५ मैल किंवा त्याहून अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यांवर आणि अगदीच दिसेनासे झाले असताना. म्हणजे सूट आहे ती वेगवान रस्त्यांसाठी. आपल्या घाटांसारख्या वळणावळणाच्या दुहेरी रस्त्यांना ते उदाहरण लागत नाही.

आपल्या घरांना अधिक जवळचे उदाहरण आखाताचे आहे. संयुक्त अरब अमिरातीत हिवाळ्याच्या पहाटे दाट धुके पडते. अबुधाबीत अशा वेळी रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरपर्यंत खाली आणली जाते, आणि चालत्या गाडीने हॅझार्ड लावू नयेत असे तिथले पोलीस वेळोवेळी बजावत असतात. तिथे दहा-दहा वर्षे गाडी चालवलेली आपली मुले ही शिस्त पाळतात. सुट्टीवर आली की मात्र हातखंब्याच्या पुढे चार थेंब पडताच तेच बटण दाबतात, कारण आजूबाजूचे सगळे दाबत असतात. शिकलेली चांगली सवय गावी येताना विमानतळावर ठेवून येऊ नये, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते.

मग पावसात लावायचे काय?

पहिले उत्तर, समोरचे मोठे दिवे. तेही डिपरवर, म्हणजे लो बीमवर. दिवसा असले तरी लावावेत. ते लावले की मागचे लाल दिवे आपोआप लागतात, आणि मागच्याला हवा असलेला स्थिर लाल दिवा तोच. ‘इथे एक गाडी आहे आणि ती चालते आहे’ हे त्याला त्यातून कळते.

इथे नव्या गाड्यांच्या दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. बऱ्याच गाड्यांना पुढे बारीक पांढरे दिवे असतात, जे इंजिन चालू केले की लागतात. त्यांना डीआरएल म्हणतात. पुढे उजेड दिसतो म्हणून चालवणाऱ्याला वाटते आपले दिवे लागलेले आहेत. पण अनेक गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. गाडी पुढून दिसते आणि मागून अंधारात असते. दुसरी गोष्ट ‘ऑटो’ची. स्विच ऑटोवर ठेवला की अंधार पडल्यावर दिवे लागतात, पण दिवसाचे धुके पांढरेशुभ्र आणि उजेडाचे असते. गाडीला ते अंधार वाटतच नाही आणि दिवे लागत नाहीत. म्हणून पावसाळ्यात स्विच हाताने फिरवावा आणि डॅशबोर्डवरची खूण बघून खात्री करावी.

दुसरे उत्तर, फॉग लॅम्प असतील तर ते. पुढचे फॉग लॅम्प खाली बसवलेले असतात आणि त्यांचा उजेड रस्त्यालगत पसरतो. काही गाड्यांना मागेही एक तेज लाल फॉग लॅम्प असतो. मागच्याने आपल्याला पाहावे असे वाटत असेल तर हॅझार्डऐवजी हाच दिवा लावायचा, कारण तो त्याच कामासाठी दिलेला आहे. धुके सरले की मात्र तो आठवणीने बंद करावा, नाहीतर मागच्याच्या डोळ्यांना त्रास होतो.

अप्पर म्हणजे हाय बीम धुक्यात लावू नये. धुके म्हणजे पाण्याचे बारीक बारीक कण. त्यांच्यावर सरळ झोत टाकला की उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. समोरून येणाऱ्यालाही काही दिसत नाही.

तिसरे उत्तर वेगाचे, आणि याला कुठलाच दिवा पर्याय नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, ताशी ४० ने ११ मीटर. कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून निदान २ सेकंदांचे अंतर ठेवावे असे सांगतात. ओल्या रस्त्यावर ते दुप्पट, म्हणजे ४ सेकंद. मोजणे सोपे आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात मोजायला सुरुवात करा. तुम्ही त्या खांबाशी ४ सेकंदांच्या आत पोहोचलात तर फार जवळ आहात. धुक्यात तर जेवढे दिसते त्याच्या निम्म्या अंतरात गाडी थांबली पाहिजे, कारण अरुंद घाटात उरलेल्या निम्म्यात समोरचाही येत असतो. समोर जेमतेम ३० मीटर दिसत असेल तर ताशी २० हाच वेग. उशीर होईल, होऊ द्यावा.

आणखी एक लहानशी गोष्ट, जी कुटुंबाच्या गाडीत नेहमी होते. पाच-सहा माणसे, ओले कपडे, बंद काचा. पाच मिनिटांत समोरची काच आतून धूसर होते. मग कोणीतरी दुपट्ट्याने पुसते, ओरखडे उठतात, आणि समोरच्या दिव्यांच्या रेघा दिसू लागतात. एसी चालू करून हवा समोरच्या काचेकडे वळवली की काच लवकर साफ होते. थंडी वाजते म्हणून एसी बंद ठेवायचा तर तापमान वाढवावे, पण हवा काचेवर राहू द्यावी.

गाडी खरोखर अडली तर

आता या दिव्याची खरी वेळ येते. गाडी बंद पडली, टायर फुटला किंवा दिसेनासे झाले म्हणून थांबायचे ठरवले, तर ताबडतोब हॅझार्ड लावावेत. नुसते दिसत नाही म्हणून थांबायचे असेल तर रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबावे. हॉटेल, पेट्रोल पंप, मशिदीचे आवार, कोणाचे अंगण, जे मिळेल ते. वळणावर थांबू नये. दरडीच्या खाली थांबू नये. पाणी वाहत असलेल्या मोरीजवळ थांबू नये.

बंद पडलेली गाडी हलवता येत नसेल तर आधी माणसे उतरवावीत. लहान मुले आणि म्हातारी माणसे पावसात भिजतील म्हणून त्यांना गाडीतच ठेवले जाते, पण मागून धडक बसली तर ती गाडीवरच बसणार असते. रस्त्यापासून दूर, दरड नसलेल्या बाजूला, छत्र्या घेऊन उभे राहिलेले बरे. नव्या गाडीबरोबर लाल चमकणारा त्रिकोण मिळतो. तो बहुतेकांच्या डिकीत पिशवीतून कधी बाहेर आलेला नसतो. तो गाडीच्या मागे निदान ५० पावलांवर ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला गाडी दिसण्याआधी त्रिकोण दिसेल.

आपल्याकडे त्रिकोणाऐवजी झाडाच्या फांद्या आणि मोठे दगड ठेवायची पद्धत आहे. फांद्यांचे ठीक आहे. दगडांचे मात्र पुढे काय होते? गाडी दुरुस्त होते, ड्रायव्हर निघून जातो आणि दगड रस्त्यावर तसेच राहतात. रात्री त्यावर कोणाची तरी मोटारसायकल जाते. रस्त्यावरची त्रासदायक वस्तू बाजूला करणे हे ईमानाचेच अंग आहे, ही शिकवण आपल्या मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मग स्वतः ठेवलेला दगड उचलणे तर आपल्यावर फर्जच समजले पाहिजे.

मागच्याला वेळेवर सावध करणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस आणि इतर गाड्या त्या अंधारात नदीत गेल्या. पूल नाहीसा झाल्याचे जवळच्या गॅरेजमधल्या कामगाराच्या लक्षात आले आणि त्याने पुढे येणाऱ्या गाड्या थांबवल्या, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. अशा रात्री एखादा दिवा, एखादी हाक, हवेत हलवलेला एखादा टॉर्च किती जणांचे प्राण वाचवतो याचा हिशेब करता येत नाही. तो इशारा बघणाऱ्याने मानला पाहिजे. आणि तो मानायचा असेल तर रोज चालता चालता तोच इशारा देऊन आपण त्याची किंमत घालवता कामा नये.

तिठे, बोगदे आणि लग्नाचे हॉल

पावसाशिवायही या बटणाचे दोन-तीन चुकीचे उपयोग रूढ झाले आहेत. तिठ्यावर ‘मी सरळ जाणार’ हे सांगण्यासाठी चारही इंडिकेटर लावतात. हातखंबा, पाली, निवळी अशा ठिकाणी हे नेहमी दिसते. सरळ जायला कोणताच इशारा लागत नाही. बाजूने येणाऱ्याला तुमचा एकच दिवा दिसतो आणि तो समजतो तुम्ही वळणार आहात. दुसरा उपयोग बोगद्यात. आता कशेडीचा बोगदा झाला आहे. आत शिरताना डिपर लावावा आणि एकाच लेनमध्ये जावे, हॅझार्डची गरज नाही. आत गाडी बंद पडली तरच लावावेत. तिसरा उपयोग निकाहाच्या हॉलबाहेर. अर्ध्या रस्त्यात गाडी लावायची, पार्किंग चालू करायचे आणि बिर्याणी होईपर्यंत निश्चिंत व्हायचे. तो दिवा लावला म्हणजे रस्ता अडवण्याची परवानगी मिळते, असा अर्थ कोणत्याही नियमात नाही. अशा वेळी मागे अडकलेल्या गाडीत पेशंटही असू शकतो.

घरच्यांनी काय करावे

गाडी एकजण चालवतो, पण सफर सगळ्यांची असते. शेजारी बसणाऱ्याने चार कामे आपल्याकडे घ्यावीत. डिपर लागला आहे ना, हे एकदा विचारावे. चालत्या गाडीत हॅझार्ड लागलेले दिसले तर प्रेमाने बंद करायला सांगावे. चालवणाऱ्याचा फोन आपल्याजवळ ठेवावा. आणि थांबू या, असे म्हणायला लाजू नये. मुलगा अब्बांना ‘हळू चालवा’ म्हणायला कचरतो, सूनही सासऱ्यांना म्हणत नाही. पण पावसात एक चहा घेऊ या, असे म्हणता येते.

घरी राहिलेल्यांनी दर अर्ध्या तासाला ‘कुठे पोहोचलात?’ म्हणून फोन करू नये. काळजीपोटी केलेला फोन चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून काढतो आणि त्याला घाई करायला लावतो. विमानतळावर जायचे असेल तर रात्रभर गाडी चालवून सकाळी पोहोचण्याऐवजी दोन-तीन तास आधी निघावे, आणि दोन चालवणारे असतील तर दोघांनी आलटून-पालटून चालवावे.

मोटारसायकल आणि स्कूटरवाल्यांसाठी एक सूचना. २०१७ च्या एप्रिलपासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा सतत चालूच राहतो. मागचा मात्र चिखलाने भरतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. तो दर दोन-तीन दिवसांनी पुसावा. काळ्या रेनकोटपेक्षा पिवळा घ्यावा. शाळेत पायी येणाऱ्या मुलांच्या काळ्या छत्रीला आणि दप्तराला चमकणारी पट्टी चिकटवावी. आमच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर सकाळच्या पावसात मुले अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. पट्टी लावलेली मूल मात्र लांबूनच ओळखू येते.

निघण्याआधी पाच मिनिटे

सफरची दुआ पढण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी. एकाने आत बसून दिवे लावावेत आणि मुलांनी बाहेरून ओरडून सांगावे, पुढचे डिपर लागले, मागचे लाल लागले, ब्रेक लागला, उजवा, डावा. वायपरचे रबर कडक झाले असेल तर बदलावे. टायरची नक्षी १.६ मिलीमीटरपेक्षा कमी उरली असेल तर ती गाडी पावसात काढूच नये. लाल त्रिकोण पिशवीतून काढून एकदा उघडून बघावा, म्हणजे अंधारात आणि पावसात तो चाचपत उघडावा लागणार नाही. सगळ्यात शेवटी हॅझार्डचे बटण दाबून चारही दिवे लुकलुकतात का ते पाहावे आणि बटण बंद करून निघावे. वाटेत गाडी खरोखर थांबवावी लागली तर त्याला पुन्हा हात लावायचा, तोपर्यंत ते बंदच असू द्या.